विहिरीवरची ऑर्डर

बसा. सगळे बसा. माय-माउल्यांनो, थोडं पुढं सरका, मागं ऊन लागतंय.

मला बोलायचं नव्हतं. सरांच्या पत्नी सुमनवहिनी म्हणाल्या, "अप्पा, तुमीच बोला. ते रोज तुमच्या दुकानात बसत होते." म्हणून उभा राहिलो. अडखळलो तर सांभाळून घ्या.

बाहेरगावचे लोक आलेत, त्यांच्यासाठी सांगतो. मी शिवलिंगप्पा. जळकोटच्या रस्त्यावर, बसथांब्याजवळ माझं किराणा दुकान आहे. आणि ज्यांच्यासाठी आपण आज या विहारात जमलो, ते दिगंबर सोनकांबळे सर. आपल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. मूळचे नांदेडचे. गोदावरीत पोहत वाढलेला माणूस. शाळा सुटली की माझ्या बाकड्यावर बसायचे, अर्धा चहा घ्यायचे, पेपर वाचायचे.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हापासून आपल्या गावात एकच शब्द कानावर पडतो. ऑर्डर. बदलीची ऑर्डर. टँकरची ऑर्डर. एकदा मी सरांना विचारलं, "सर, या शब्दाचा अर्थ तरी काय?"

सर हसले. म्हणाले, "अप्पा, हुकूम म्हणजे ऑर्डर. कायदा आणि सुव्यवस्था म्हणतात, त्यातली सुव्यवस्था म्हणजे ऑर्डर. एकामागं एक नंबर लागतो, तीही ऑर्डर. आणि कुणी न लिहिलेली, पण सगळे पाळतात अशी जुनी घडी असते ना, तीही ऑर्डरच."

मी म्हणालो, "मग माणसानं पाळायची कुठली?"

सर म्हणाले, "दोन ऑर्डरी समोरासमोर आल्या की कळतं."

त्या आल्या. लवकरच आल्या.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला. गावची विहीर आटली. या विहाराभोवतीच्या वस्तीतला हापसा नुसती हवा फेकायला लागला. पाणी राहिलं एकाच विहिरीत, गावाच्या पश्चिमेच्या मोठ्या मळ्यात. मालकाचं नाव मी घेत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. तहसीलचा हुकूम निघाला, ही विहीर पिण्याच्या पाण्यासाठी सर्वांना खुली. आपल्याला वाटलं, सुटलो.

पण पहिल्याच दिवशी मळ्याचा मुकादम काठावर उभा राहिला. म्हणाला, "आधी गाव. वस्तीतल्यांनी तिकडं बांधावर थांबा." गावाचं भरून होईपर्यंत खाली गाळ राहायचा. वस्तीतल्या बाया तो गाळ लुगड्याच्या पदरानं गाळून न्यायच्या. या इथं बसल्यात त्या. मी वाढवून सांगत नाही.

सर तिथं गेले. मी सोबत होतो. मुकादम म्हणाला, "सर, रांग कशी लावायची ते ऑर्डरमधी लिवलेलं न्हाई. ही रीत हाय."

सर म्हणाले, "ऑर्डरमध्ये 'सर्वांना' लिहिलंय. तुमच्या रीतीवर सही कुणाची आहे?"

मुकादमानं सरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ते बघणं मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

सर एसटीनं लातूरला गेले. नव्या जिल्ह्याची नवी कचेरी, कुठलं टेबल कुणाचं याचा कुणाला पत्ता नाही. तरी सरांनी साहेबाला गाठलं आणि हुकूम आणला. जो आधी येईल, त्याची घागर आधी. दुसऱ्या दिवसापासून सर रोज पहाटे विहिरीवर. आधी रांग, मग शाळा.

एकच रांग लागली. माझी बायको वस्तीतल्या गंगाबाईच्या मागं उभी राहिली. आभाळ कोसळलं नाही. कोसळलं असतं तर बरं झालं असतं, पाऊस तरी आला असता.

मग एकेक गोष्ट बदलत गेली. सर बाकड्यावर बसले की बाजूची माणसं उठून जायची. त्यांच्या सायकलीचे दोन्ही टायर कुणीतरी फाडले. शाळेत त्यांच्या खुर्चीवर ओला गाळ आणून ठेवला.

एका दुपारी एक माणूस दुकानात आला. बिडीचं बंडल घेतलं. पैसे दिले. आणि अगदी हळू म्हणाला, "अप्पा, तुमच्या मास्तरला सांगा. सकाळचा रस्ता सुना असतोय. विहीर लई खोल हाय." धमकावून नाही म्हणाला. घरचं माणूस काळजीनं बोलावं, तसं म्हणाला.

मी सरांना त्याच संध्याकाळी सांगितलं. विचारलं, "सर, भीती वाटत नाही का?"

"वाटते ना, अप्पा. सुमन झोपायच्या आधी कडी पुन्हापुन्हा बघते. पण मी एक दिवस गेलो नाही, तर दुसऱ्या दिवशी रांगा दोन होतील."

मी म्हणालो, "मी येतो उद्यापासून." म्हणाले, "या. पण दुकान उघडा आधी, लोकांना मीठ-मिरची लागते."

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तरी मी बोलणार आहे. इथं बोललंच पाहिजे.

त्या सकाळी मी दुकान उघडून निघालो तेव्हा समोरून बाया रिकाम्या घागरी घेऊन पळत येत होत्या. गंगाबाईनं विहिरीकडं हात केला. सर विहिरीत होते. पोरांनी दोर सोडून वर काढलं. डोकं फुटलं होतं.

पाय घसरला, असं म्हणतात. असेल. पण बंधूंनो, सरांची एक चप्पल रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली पडली होती. विहिरीपासून किती लांब आहे ती बाभळ? तुम्ही रोज तिथून जाता. विहिरीत घसरलेल्या माणसाची चप्पल तिथं कशी राहते? पंचनाम्याच्या वेळी मी हे सांगितलं. "बघू," पोलीस म्हणाले. अजून बघतच आहेत.

मी कुणाचं नाव घेत नाही. मी पाहिलं ते सांगतो. आणि जिथं बोलावतील तिथं सांगेन. उदगीरला, लातूरला, कोर्टात.

आता विहीर उपसून झाली. सोमवारी पुन्हा उघडणार. मुकादमानं आत्तापासूनच गावात फिरवलंय, "आता पहिल्यासारखं व्हईल."

सुमनवहिनी काल मला म्हणाल्या, "अप्पा, त्या पाण्याकडं माझ्यानं बघवत न्हाई. पण सोमवारी मी घागर घेऊन उभी राहनार. माझ्या आधी कुनी आलं असंल तर त्येच्या मागं. बांधावर न्हाई."

त्यांच्या मागं माझी बायको असेल. तिच्या मागं मी. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. जबरदस्ती नाही. घरी लेकरं आहेत सगळ्यांना, मला कळतं.

आता उठा. दोन मिनिटं सरांसाठी उभे राहू.

आणि बाहेर झाडाच्या सावलीत जीपला टेकून जे चौघे मघापासून ऐकताहेत, त्यांनाही विनंती आहे. तुम्ही उभेच आहात. टोप्या काढा. मान खाली घाला. ज्याला मान खाली घालवत नसेल, त्यानं निदान उजेडात यावं. आम्हाला त्याचं तोंड नीट बघू द्यावं.

सर, जय भीम.