खुरांच्या लेपाचं गुपित

गोपनीयतेचे करार मी बरेच लिहिलेत, पण फुलंब्रीच्या भाऊसाहेबांचा करार काही डोक्यातून जात नाही.

ते आणि लासूर स्टेशनचे एक दुकानदार मिळून मेंढ्यांच्या खुरांना लावायचा लेप विकणार होते. लेपाची कृती फुटू नये म्हणून दोघं माझ्याकडं आले. मी मसुदा वाचून दाखवला, "दोघांपैकी कुणीही कृती बाहेर सांगणार नाही. बायकोलासुद्धा नाही. सांगितली तर भागीदारी संपली."

भाऊसाहेब म्हणाले, "सांगत नाय. पण बायकोला इचारलं तर चालंल का?"

"काय विचारायचं?"

"कृतीच की! लेप तीच करती. मला कुठं ठाऊक?"

मी दुकानदाराकडं पाहिलं.

"मला वाटलं, यांना ठाऊक हाय," तो म्हणाला.

झालं! मसुदा फाडला. दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या, तिसऱ्या भागीदार म्हणून त्यांचं नाव घातलं, तिघांच्याही सह्या झाल्या. मला मात्र राहवेना.

"वहिनी, त्या लेपात असं घालता तरी काय?"

त्यांनी पेन माझ्यापुढं धरला. "आधी तुमचीबी सही होऊ द्या, वकीलसाहेब."