तिसरी गाडी

बेळगावच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी एक मुलगी युवा नेतृत्व पुरस्काराची ढाल घेऊन बसली होती. जांबोटीकडून आलेल्या बसमधून एक म्हातारी उतरली आणि थेट तिच्याकडे आली.

"उपासना, संपला व्हय गं कार्यक्रम?"

"आत्ताच संपला, सुलाआक्का. माईकवरनं तुझं नाव सांगितलं मी."

"माझं कशाला?"

"वस्तीतल्या बायकांना बसच्या पाट्या वाचायला शिकवल्या, म्हणून तर बक्षीस मिळालं. कन्नड अक्षरं गिरवायला पयली तूच आलतीस."

"भावाच्या मातीला निघाले, ती चुकीच्या गाडीत बसले. तोंड बघायला मिळालं न्हाय त्याचं. मग येणारच की."

"आज कुणासंगं आलीस?"

"एकटीच."

"मग एवढा उशीर?"

"पाटी वाचून हुईस्तोवर दोन गाड्या निघून गेल्या. तिसरीत बसले."