बावीस मॉनिटरांची वही

संगणकाच्या दुकानात, काउंटरच्या रांगेत माझ्यापुढे एक जोडपे उभे होते. नवरा बायकोच्या डाव्या हाताला, वही उघडून.

“बावीस मॉनिटरांची तुलना केलीय. तीन आठवडे लागले.”

“ते तीन आठवडे मी रोज नऊ तास लॅपटॉपवर वाकून ऑफिसचं काम केलं.”

“घाईत घेतलेली वस्तू गळ्यात पडते. गेमला वेग हवा, सिनेमाला रंग हवेत, आणि तुझ्या कामाला...”

“हं, माझ्या कामाला काय?”

“ते कुठल्याही पडद्यावर होतं गं. खरा फरक रंगांत. या सातव्याचा काळा रंग काय गडद आहे!”

“तू कुठे बघितलास?”

“व्हिडिओत. दोन मॉनिटर शेजारी ठेवून दाखवतात.”

“आणि व्हिडिओ कशावर बघितलास?”

“आपल्या जुन्या मॉनिटरवर.”

“ज्याच्यावर काळा रंग राखाडी दिसतो म्हणून तो बदलायचाय, त्याच्यावर?”

“त्यातल्या त्यात गडद दिसला.”

“धन्य आहे तुझी.”

“चिडलीस? अगं, निदान माझ्याकडे बघून तरी बोल.”

“डावीकडे मान वळत नाही. सोमवारपासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं होतं. तू म्हणालास, एवढा व्हिडिओ संपू दे.”

तो वळसा घालून तिच्या उजवीकडे आला.

“पुढे कोण?” काउंटरवरच्या बाईंनी विचारले.

“आम्ही. हिच्या डोळ्यांच्या उंचीला आणता येईल असा मॉनिटर हवाय.”

“वहीत बघ ना, त्या बाविसांतला कुठला येतो ते.”

“तो रकानाच आखला नव्हता.”