एका शब्दाची फेरी

—नाही गं बेरिल, मनाला लावून घेऊ नकोस, तो कुणालाच ओळखत नाही. तू सख्खी बहीण असलीस म्हणून काय झालं, मी रोज त्याला भरवते तरी मला 'बाई' म्हणतो — 'बाई, पाणी द्या', 'बाई, खिडकी लावा' — लग्न झाल्यापासून इतक्या अदबीनं कधी बोलला नव्हता तुझा भाऊ. बस. कोट असू दे अंगावर, शेगडी आत्ताच पेटवलीय. मेलबर्नहून बोट आणि वर त्या वळणावळणाच्या रस्त्यानं बस, पोटात काही राहिलं नसेल तुझ्या. हा पाय घे मटणाचा, कालचा आहे पण चांगला आहे. आणि काय झालं म्हणशील तर फोनवर सांगितलं तेच — क्लबात मारामारी झाली, बिअर सांडून जमीन निसरडी झालेली, नेव्ह घसरला आणि बारच्या पायरीवर डोकं आपटलं. संपलं. आणखी काय सांगू?

असं बघू नकोस माझ्याकडे. बरं, पहिल्यापासून सांगते. त्या रविवारी दुपारी क्लबात सामान्यज्ञानाची स्पर्धा होती, फुटबॉलच्या मैदानाला नवे गोलखांब हवेत म्हणून पैसे जमवायला. तुला आठवतं ना मैदान, गवताची काडी नाही, नुसती खडी — पोरं गुडघे सोलून घरी यायची. मी स्वयंपाकघरात होते, सॉसेज परतत, मधली खिडकी उघडी, सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. प्रश्न विचारायला पेनरोज मास्तर, निवृत्त झालेत तरी शिकवायची खुमखुमी गेली नाही. नद्या झाल्या, राजे झाले, घोडे झाले, मग म्हणाले, आता एक फेरी एकाच शब्दाची. 'नो' — नकाराचा नव्हे, माहीत असण्याचा — आणि त्याची पिलावळ. म्हणाले, हा आपला शब्द म्हणजे जुनी पेटी आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोक आत कोंबत आलेत आणि बाहेर कुणीच काही काढलं नाही. माहीत असणं तोच, ओळखणं तोच, समजणं तोच. एन्झो, आपला बारवाला, तो तिकडून म्हणाला की आमच्या इटलीत दोन वेगळे शब्द आहेत, वस्तू माहीत असायला एक आणि माणूस ओळखायला दुसरा. लोक म्हणाले, मग तुमच्याकडे भांडणं होत नसतील. तो म्हणाला, होतात, पण त्याला दुसरी कारणं असतात.

हसले सगळे. नेव्हही हसला. तेव्हा बरा होता तो, बिअरचे दोनच जग झाले होते. शेजारच्या टेबलावर डार्सी — तू नाही ओळखत डार्सीला, तू गेल्यावर आला तो, खाणीचा ट्रक चालवायचा, इथून बर्नीच्या धक्क्यापर्यंत. बायको वारलेली. कमी बोलायचा. तर पेनरोजनी विचारलं, टास्मानियाच्या कायद्यात 'ज्ञान' या शब्दाआधी कोणता शब्द लावला की माणूस तुरुंगात जातो? कुणालाच येईना. डार्सीनं सांगितलं, 'देहाचं' — बाईशी निजण्याला कायदा असं म्हणतो म्हणे. आता ट्रकवाल्याला हे कुठून माहीत? रेडिओ ऐकायचा तो रस्ताभर, सगळं ऐकायचा. पण झालं ना, सगळ्या टेबलांवर शिट्ट्या. आणि त्यावर पेनरोजनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, या वेळी नेव्हच्या टेबलाला — बायबलमध्ये नवरा बायकोला 'जाणतो' म्हणजे काय करतो?

तुझ्या भावाला पाठ होतं ते, बेरिल, तुमच्या बापानं पट्ट्यानं फोडून पाठ करून घेतलं होतं ना सगळं. पण चारचौघांत बोलायची त्याला लाज वाटली. खरंच. कानापर्यंत लाल झाला. आणि मागून तो क्लॅरी, खाणीच्या फाटकावर बसतो तो, नुसतं चेष्टेनं म्हणाला, 'डार्सीला विचार की नेव्ह. तो जाणतो तुझ्या बायकोला.'

कुणी हसलं नाही. म्हणजे एक-दोघं हसायला गेले आणि थांबले. मी तव्यातले सॉसेज उलटत राहिले.

क्लॅरीनं मला डार्सीच्या ट्रकमध्ये बघितलं होतं. बसलेच होते मी. कुठे चालले होते? बर्नीच्या इस्पितळात. का? — तुला काय सांगायचं, तू त्याच घरात वाढलीस. जबडा मोडला होता माझा. बटाटे कच्चे राहिले म्हणून. इथल्या दवाखान्यात गेले असते तर नेव्हच्या कानावर गेलं असतं, म्हणून रस्त्यावर उभी राहिले, तोंडाला रुमाल बांधून, आणि पहिला ट्रक डार्सीचा आला. त्यानं रुमालाकडे बघितलं, दार उघडलं, एक शब्द विचारला नाही. मी बोलू शकत नव्हते, पण हातवारे करून सांगितलं, कुणाला सांगू नकोस. त्यानं मान हलवली. एवढंच त्याचं जाणणं. आणि त्यात विशेष ते काय, गावात कुणाला माहीत नव्हतं? वाणसामानवाली मॅव्हिस मी न मागता माझ्या टोपलीत गोठवलेल्या मटारची पिशवी टाकायची, डोळ्यावर दाबायला. किती वर्षं! पैसे घ्यायची नाही आणि बोलायचीही नाही. सगळ्यांना माहीत. फक्त माहीत.

तर नेव्ह उठला. हळूच उठला, खुर्चीसुद्धा वाजली नाही. म्हणाला, 'काय रे, ओळखतोस तू हिला?'

आता डार्सीला सांगता आलं असतं. एका वाक्यात सुटला असता — अरे, तू तिचा जबडा मोडलास, मी इस्पितळात नेलं. संपलं असतं. पण मला शब्द दिला होता ना. त्यानं खिडकीतून माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली — नको म्हणून, नको सांगू म्हणून. आणि तो नेव्हला म्हणाला, 'हो, ओळखतो. आणि तुलाही ओळखतो, नेव्ह.'

नेव्हनं जगच मारला त्याला. तो जाड काचेचा, बिअरचा. डोळ्यावर. काच फुटलेली मला ऐकू आली पण त्याच्या खाली आणखी काहीतरी मोडलं ते जास्त ऐकू आलं. डार्सी खुर्चीसकट मागे पडला आणि नेव्ह त्याच्यावर. बुटांनी. बरगड्यांत, पोटात, तोंडावर. डार्सीच्या टेबलावरची पोरं धावली, नेव्हच्या टेबलावरची त्यांच्या अंगावर, क्लॅरीचे पुढचे दात तिथेच गेले, एन्झो बार ओलांडून आला तर कुणीतरी त्याचं डोकं बारवरच आपटलं. पेनरोज मास्तर माइक हातात धरून उभे, आणि माइक चालू, त्यांचा श्वास सगळ्या हॉलभर. रक्तानं बिअरचा रंग बदलला होता. आणि नेव्हच्या मुठीत जगचा कान राहिला होता, त्याला असा एक लांब तुकडा, आणि त्यानं डार्सीचे केस धरून डोकं मागे ओढलं. गळा वर आला. आरडाओरडा नव्हता करत तो. घरीही करायचा नाही. शांत चेहरा असतो, माहीत आहे ना तुला तो चेहरा? सगळे बघत होते. मोठे मोठे खाणकामगार, आणि एकही पाय पुढे पडेना.

बिडाचा तवा आपल्याला वाटतो त्यापेक्षा जड असतो, बेरिल. सॉसेज सगळे जमिनीवर, गरम चरबी माझ्याच पायावर. आणि मनगट तर आठवडाभर —

चहा घे ना. गार होतोय.

हो. बरं. ऐकलंस ते ऐकलंस. कानामागे मारला, एकदाच. दुसऱ्यांदा उचलला होता, खोटं कशाला बोलू, पण एन्झोनं हात धरला माझा. त्यानंच तवा धुतला, पुसला, खिळ्याला टांगला, आणि मग पोलिसाला फोन केला. पोलिसानं एकेकाला विचारलं. कुणालाच माहीत नाही. मारामारी झाली तेव्हा म्हणे सगळे भिंतीकडे तोंड करून जुन्या संघांचे फोटो बघत होते. जग कुणी मारला? माहीत नाही. नेव्ह कसा पडला? घसरला असेल. पेनरोज मास्तरांना विचारलं, तर ज्यांनी जन्मभर पोरांना उत्तरं येत नाहीत म्हणून छड्या मारल्या ते म्हणाले, मला माहीत नाही. मॅव्हिस तर तिथे नव्हतीच, तिनंही येऊन सांगून टाकलं, मला माहीत नाही. राग आला मला, खरं सांगू? बरं वाटलं आणि राग आला. इतकी वर्षं माहीत होतं तेव्हा कुणाची जीभ हलली नाही, आणि आता माहीत नाही म्हणायला रांग लावून आले.

डार्सीचा डोळा गेला. डावा. होबार्टच्या इस्पितळात पोलीस त्याच्या उशाशी बसला होता, की नाव सांग, तक्रार कर. तो म्हणाला, मागून कुणी मारलं दिसलं नाही. समोरून मारलं होतं, बेरिल, पोलिसालाही जखम दिसत होती. पण त्या बिअरच्या जगची चौकशी झाली असती तर तव्याचीही झाली असती. ते त्याला कळलं. ट्रक विकून तो उत्तरेकडे मुलीकडे गेला, ऊसवाल्यांच्या गावात. पत्र नाही, काही नाही.

तुला आता जायचं असेल तर जा पोलिसात, चौकी पोस्टाच्या शेजारी आहे. तुझा भाऊ आहे, तुझा हक्क आहे. घेऊन जायचा असेल तरी घेऊन जा, कपडे भरून देते त्याचे. नाही? मला वाटलंच. लहानपणी तूही रात्रीची बोट पकडूनच पळाली होतीस ना. मी कुणाला बोलले नाही कधी.

काय?

काय म्हणालीस?

एवढं सगळं ऐकून तुला हेच विचारायचं होतं. समुद्र ओलांडून आलीस आणि हेच. नाही. कधीच नाही. बर्नीपर्यंतच्या सगळ्या रस्त्यात डार्सीनं स्टिअरिंगवरून हात काढला नाही, मी बघत होते, वळणावळणाला बघत होते. इस्पितळाच्या दारात सोडलं, माझं आवरेपर्यंत बाहेर थांबला, परत आणून सोडलं. पण त्यानं नुसतं म्हटलं असतं ना, की परत नको जाऊस — बोटीचा धक्का तिथेच होता, समोर दिसत होता — तर मी पट्टी बांधलेल्या तोंडानं, अंगावरच्या कपड्यांनिशी चढले असते. मटणाचा विचार केला नसता, बटाट्यांचा केला नसता. पण तसं काही म्हणाला नाही तो. चांगला माणूस होता.

ऊठ आता. परतीची बस थांबत नाही कुणासाठी. तो मटणाचा तुकडा कागदात बांधून देते, वाटेत खा. आणि दार नीट ओढून घे जाताना, नेव्हला गार वारा सोसत नाही.