आर्डिसची डुकरी

— एप्रिल, मास्तर. मे नव्हे. गेल्या वर्षीचा, एकोणीसशे चोपन्नचा एप्रिल. वसंत म्हणायचा, पण बांधाच्या सावलीत बर्फ पडून होतं अजून. त्या दिवशी याच ट्रकमधून तुम्ही ती डुकरी आणलीत आणि याच फाटकाशी उतरवलीत. तुमच्या वहीत काय लिहिलंय ते असू दे. मला वाचायला वेळ लागतो, लक्षात ठेवायला लागत नाही. आणि बोलणं काय झालं होतं? शाळेच्या शेतकी क्लबानं पोराला एक तरणी मादी द्यायची, पोरानं ती वाढवायची, आणि पहिल्या वेतातली एक मादी क्लबला परत करायची — क्लब निवडेल ती. मग ती पुढच्या पोराला जाते, तिची पिल्लं त्याच्या पुढच्याला. चांगली रीत आहे. मी नाव ठेवत नाही. तेव्हा हो म्हणालो, आज नाही म्हणणार नाही. त्या बघा कुंपणात, चार माद्या. निवडा, उचला आणि निघा.

काय? हो, पाच होत्या. तुम्ही वजनं करायला आलात तेव्हा पाच होत्या, बरोबर आहे तुमचं. मेली नाही. विकली नाही. ती मक्याच्या कोठारात आहे, कोठाराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या खिशात आहे. लपवली म्हणा. म्हणा ना, मी कुठं नाही म्हणतोय? हाल्वर ब्रेक्केनं डुकरी लपवली असं गावात जाऊन सांगा, कुणी विश्वास ठेवणार नाही. या चारांतली कुठलीही न्या, चारही चांगल्या आहेत. पाचवी मिळायची नाही. — उभे का? बसा त्या पालथ्या बादलीवर. उभ्या माणसाशी बोलायला मला आवडत नाही, वर बघून मान दुखते.

का म्हणून विचारताय. सांगतो. या पिल्लांची आई, ती डुकरीण, वेंडेलनं वाढवली असं तुमच्या वहीत आहे. वेंडेल माझा नातू, वाईट पोरगा नाही. त्याचा बाप युद्धातून परत आला नाही, सून गावातल्या डेअरीत कामाला जाते, तेव्हा त्याला वळण लावायचं ते मीच लावलंय, आणि पोरगा वाईट नाही. पण तुमची शाळा आहे की जत्रा आहे, मास्तर? डुकरी आली, पंधरा दिवस त्यानं बघितलं, मग बेसबॉल सुरू झालं. बेसबॉल संपलं, बॅंड. मग नाटक. मग तो लॅटिनचा क्लब — लॅटिन! कुणाशी बोलणार आहे तो लॅटिनमध्ये, गाईंशी? विद्यार्थ्यांची ती सभा, तिथं हात वर करतात आणि खाली करतात. शाळा सुटते उजेडात आणि पोरगं घरी येतं अंधारात. मी विचारलं, शेतात कधी येणार, तर म्हणतो, आजोबा, अंगात गुण असले तर ते दाखवावे लागतात. वार्षिक पुस्तक छापून आलंय ना तुमचं, बघितलं मी. सात फोटोंत आहे तो. मागच्या ओळीत, दात काढून. शेतकी क्लबाच्या फोटोतही आहे, निळं जाकीट घालून. डुकराच्या शेडमध्ये मात्र मी त्याला शेवटचं कधी बघितलं ते आठवावं लागेल.

मग वाढवली कुणी? तुम्हाला माहीत आहे कुणी. आर्डिसनं. त्याच्या पाठची बहीण. पाणी तिनं घातलं, मका तिनं भरडला, खरूज झाली तेव्हा तेल तिनं चोळलं, नराकडं न्यायची वेळ झाली तेव्हा मला येऊन सांगितलं तेही तिनं — लाल झाली होती सांगताना, पण सांगितलं. मी काय केलं? मी ट्रक चालवला, बाकी काही नाही. आता म्हणाल, तिच्यासाठी मुलींचा क्लब आहे. आहे ना. गृहकृत्यांचा. तिथं रुमालाला काठ घालतात आणि गुण मिळवतात, गुण भरले की पिन मिळते. मार्चमध्ये त्यांचं आई-मुलीचं चहापान होतं, आणि त्याच दुपारी डुकरीण व्यायला लागली. वारा असा की शेडचं दार धरून ठेवावं लागत होतं. आर्डिसनं चहापानाचा झगा घातलेला होता, पांढरा, सुनेनं शिवलेला, आणि त्याच झग्यात ती गवतात बसली. बारावं पिल्लू मेलेलं आलं. अकरा जगली. एकाचा श्वास चालत नव्हता, त्याचे पाय धरून हलवत राहिली, मी म्हटलं सोड, तिनं सोडलं नाही. ते जगलं. तिकडं सून डेअरीतून सुट्टी घेऊन चहापानाला गेली होती, रिकाम्या खुर्चीशेजारी बसून केक खाऊन आली. आणि क्लबच्या बाईंनी आर्डिसचे गुण कापले. गैरहजर म्हणून. कारण कळवलं होतं हो — बाई म्हणाल्या, ते कारण यादीत बसत नाही.

मग गुण भरून काढायला तिला काय सांगितलं? तुमच्या क्लबच्या बाप-लेकांच्या जेवणात वाढायला उभं राहायचं. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं? नव्हतं ना. वेंडेलचा बाप नाही म्हणून मी गेलो होतो, कॉलरचा सदरा घालून. व्यायामशाळेत टेबलं मांडलेली, ताटात डुकराचंच मांस, ते दरवर्षी असतं, चांगलं होतं. आणि तुम्ही उभे राहून नाव पुकारलंत, उत्तम वेताचं पदक वेंडेल ब्रेक्केला. टाळ्या झाल्या. वेंडेल उठला, पदक घेतलं, आणि म्हणाला — तुम्ही ऐकलंत, मी ऐकलं — म्हणाला, माझ्या बहिणीनंही थोडी मदत केली. थोडी. सगळे हसले, चांगल्या मनानं हसले, मी कुणाला दोष देत नाही. ती तेव्हा बटाट्याचं भांडं घेऊन आपल्याच टेबलाशी होती. तुमच्या ताटात तिनंच वाढलं, मास्तर. तुम्ही आभार मानलेत. मान वर केली नाहीत.

नियम वरून आलाय, मुलींना सभासद करता येत नाही, मला ठाऊक आहे, तीन वेळा सांगितलंत. वर म्हणजे कुठं? वर कोण बसलंय? त्याला एकदा इथं आणा, मला त्याचं तोंड बघायचंय. तुम्ही नियम केला नाहीत हे मान्य. पण तो दर वेळी इथपर्यंत उचलून आणता तुम्हीच.

आता त्या पाचवीचं ऐका. तिची पाठ लांब आहे, पाय सरळ आहेत, ते तुम्हालाही दिसलं होतं, वजन करताना तुमचा हात तिच्या पाठीवर जरा जास्त राहिला होता. ती आर्डिसला पाहिजे. तिनं मागितली नाही, ती काही मागत नाही. पण मी बघितलंय. हे तुम्हाला सांगणार नव्हतो. दुपारी शाळेची बस तिला सोडते, कुणी घरात नसतं, तेव्हा ती माझी काठी घेते आणि त्या पिल्लाला अंगणात गोल फिरवते. जत्रेतल्या रिंगणात फिरवतात तसं. काठी हलकी लावते, कानाजवळ, मग जनावर वळतं. आणि पंपाजवळ आली की थांबते, पंपाकडे बघते, जसा काही पंप परीक्षक आहे. नीट उभी राहते. थोडा वेळ. मग पुन्हा फिरवते. मी कोठाराच्या फटीतून बघतो — गेलो होतो मका काढायला, तर दिसलं. रोज जात नाही काही. ऑगस्टच्या जत्रेत क्लबाच्या रिंगणात तिला घेणार नाहीत, पण मोठ्या शेतकऱ्यांचा खुला गट आहे. तिथं मी माझ्या नावानं ती डुकरी नेणार आणि काठी तिच्या हातात देणार. म्हातारा आहे, पाय दुखतात, नात फिरवतेय. कोण काय बोलेल? महिना झाला मी हे ठरवून. तिला सांगितलेलं नाही. आणि तुम्ही आज फाटकातून आलात वही घेऊन, क्लब निवडेल ती म्हणून. म्हणून कुलूप.

ती बघा बस. — नाही, वेंडेल नसणार, निरोपसमारंभाच्या बॅंडची तालीम आहे. आर्डिस एकटीच उतरेल. तुम्ही काही बोलू नका. — आर्डिस, आत जा. मास्तर आलेत, आमचं बोलणं चाललंय. दूध ठेवलंय झाकून. जा. — अगं तिकडं काय बघतेस कुंपणात? मोजू नकोस. — ती आहे. कोठारात आहे. मी ठेवली. — कशासाठी म्हणजे? माझं जनावर, माझं कोठार.

किल्ली? किल्ली कशाला पाहिजे? मास्तर या चारांतली नेतायत. ही उजवीकडची, पांढऱ्या पायाची, ही काय कमी आहे? — कमी आहे म्हणते. मागचे पाय वाकतात म्हणते. मास्तर, तुम्ही तरी सांगा काही. पोरी, ऐक. तुला ऑगस्टमध्ये… काही नाही. काही नाही म्हटलं ना. ती डुकरी जाईल कुणाकडे, ठाऊक आहे का तुला? शाळेतल्या कुठल्या तरी पोराकडे, जो दोन आठवडे बघेल आणि मग तुतारी वाजवायला जाईल. ओळखतेस त्याला? — ओळखत नाही म्हणते. काय? जरा मोठ्यानं बोल, मास्तरांनाही ऐकू दे.

ऐकलंत? म्हणाली, पुढच्याला चांगलीच मिळाली पाहिजे, मला मिळाली होती तशी. मला, म्हणाली. तुमच्या वहीत वेंडेल आहे.

घे. घे किल्ली. कडी जड आहे, वर उचलून ओढ.

बसून राहू नका मास्तर, ती बादली द्या तिला. डुकरी ओढून येत नसते. बादली तिच्या तोंडावर धरायची, की ती उलटी, मागं मागं चालते, आणि आपण शेपटी धरून वळवायचं, ट्रकची फळी येईपर्यंत. बघा. आवाजही केला नाही तिनं. — हात लावू नका, तिला जमतं. — फळी चढली. आर्डिस, बाजूला हो. मागचं दार लावा, मास्तर, आणि कडी नीट घाला, रस्ता खराब आहे.

सही? वेंडेल करेल उद्या शाळेत.

फिटलं.