जुना सायलेन्सर पाठव

हॅलो?… हॅलो, शिरूर ना? आरिफचं गॅरेज?… अरं आरिफ, मी विक्रम. वरवंडचा… व्हय, परवा तुझ्याकडनं सायलेन्सर बदलून न्हेला त्यो.

न्हाई, बंद न्हाई पडली. गाडी चांगली हाय. ऐक ना.

राहू गावात हाय मी. दूध डेअरीत. फोन बी डेअरीचाच… बसवून ठिवलंय मला… लोकांनी, आन् कुणी? किल्ली काढून घेतली. डेअरीचे सेक्रेटरी, सोपानराव, दारातच खुर्ची टाकून बसल्यात.

मारामारी न्हाई रं… सांगतो. इथं उसातनं वाट हाय, अरुंद. पुढं एक बाई म्हैस घिऊन चाललीवती. कस्तुराबाई म्हणून. माझ्या आईच्या वयाची. मी मागनं आलो आन् रेस केली… मुद्दाम. व्हय, मुद्दामच. बाजूला व्हावी म्हणून. म्हैस जी उधळली… दावं बाईच्या मनगटाला गुंडाळलेलं. फरफटत न्हेली तिला, पार पाटापतूर.

हाय, जित्ती हाय. हात मोडलाय. कोपराखाली नुसता लोंबत हुता.

न्हाई, पळालो न्हाई… खरं सांगू? पळणार हुतो. गिअर बी टाकलावता. तेवढ्यात उसतोडीची माणसं आडवी आली.

आता सोपानराव म्हणत्यात, जुना सायलेन्सर बसव, मगच गाडी हलव. तवा तू त्यो दे पाठवून. चौफुल्याच्या एसटीत ठिव, मी…

काय?… कापला? कवा कापलास?… हां… पुढचं तोंड कापून नव्याला जोडलं. म्हंजी आर्धा ह्याच्यातच हाय.

व्हय, म्हणलावतास तू. एकदा कापला की परत न्हाई. मीच म्हणलं, काप, मला आवाज पायजे.

एक मिनिट… जी, सोपानराव. न्हाई मिळत. कापलाय म्हणतोय… जी?… मी?… आवं पण…

आरिफ, हायस का? अरं, गावातली जीप केडगावच्या बाजाराला गेलीया. संध्याकाळशिवाय येत न्हाई. आन् बाईची बोटं निळी पडाय लागल्यात… इथंच हाय, समोर बाकावर. फळी बांधलीय हाताला. सोपानराव म्हणत्यात, तुझ्याच गाडीवर न्ह्यायचं केडगावच्या दवाखान्यात. तू चालव, मी मागं बसून धरतो तिला. किल्ली ठिवली माझ्या हातावर.

मला न्हाई जमायचं… अरं, त्याच आवाजावर तिला बसवू? पंधरा-वीस किलोमीटर?

तू कायतरी सांग. आवाज कमी व्हईल असं… हां… भांडी घासायची तार?… मागनं नळीत कोंबायची. आन् सुटू नये म्हणून बाइंडिंग वायरनं आवळायची… इंजिन गुदमरंल? गुदमरू दे. केडगावपतूर गेलं तरी बास… बरं, सेकंडच्या वर न्हाई घ्यायची.

सोपानराव, घासायची तार हाय का, क्यान धुवायची?… हाय म्हणत्यात. आणाय गेले.

थांब, ठिवू नको आरिफ… काय न्हाई. जरा बोल… आता दार मोकळं हाय. किल्ली हातात हाय… न्हाई रं, जात न्हाई. कुठं जाऊ?

तिला अजून एक शबुद बोललो न्हाई मी. आर्धा तास झाला समोर बसलीय. शिवी न्हाई, शाप न्हाई, कुणाचा पोरगा म्हणून बी इचारलं न्हाई. मगाशी म्हणली, पाणी पी, तोंड वाळलंय तुझं. चार दणके दिले असते तर सुटलो असतो.

आमच्या आप्पांना?… कळंलच. मीच सांगंन घरी गेल्यावर. आधी हिचा हात…

अरं, उठली ती… न्हाई, कुणी सांगितलं न्हाई. आपली आपणच चाललीय गाडीकडं… मावशी, थांबा जरा, तार घालायचीय अजून… न्हाई ऐकत. बसली बी. मोडका हात मांडीवर घिऊन, दुसऱ्यानं सीट धरून बसलीय.

माझी वाट बघतीया, आरिफ. ठिवतो.