मालतीबाईंचं गाणं आणि शेठचा फोन

सुरत स्टेशनजवळच्या थांब्यावर बँकेतल्या अरुणाताई कतारगामच्या बसची वाट पाहत होत्या. पुढे कापड कारखान्यातले दोन लूम कामगार बोलत होते.

"गोपाल, आमच्या घरची, तुझी वहिनी, आता मोबाईलमधी गाते."

"मालतीवहिनी? काहीही सांगतो, बन्सीभाऊ."

"फोनच्या कंपनीनं तिचं आपल्या खान्देशच्या कानबाई देवीचं गाणं भरून घेतलं. नंबर लावायचा अन् ऐकायचं. जेवढा वेळ ऐकशील तेवढे पैसे कंपनीला."

"सिनेमाची गाणी सोडून हे कोण ऐकतं?"

"सिनेमाचं गाणं लोक मधीच तोडतात. कानबाईचं गाणं अर्धं टाकून आपलं माणूस उठतं का? कंपनीचा साहेब म्हणतो, खरी कमाई मालतीबाईच करून देतात."

"तू ऐकलं?"

"काल कारखान्यात शेठनं 'तुझ्या बायकोचं गाणं ऐक' म्हणत नंबर लावून फोन माझ्या कानाला धरला. लूमच्या आवाजात काही ऐकू येईना. मी माझा लूम बंद केला."

"शेठ तापला असेल."

"तापणारच होता. पण तोवर सगळ्या खान्देशी पोरांनी लूम थांबवले. फोन ह्या कानावरून त्या कानावर. गाणं संपेपर्यंत शेठ नुसता उभा."

कतारगामची बस आली. त्या दोघांचं बोलणं अजून संपलं नव्हतं; अरुणाताईंनी बस जाऊ दिली.